तिळाची कड कुठे संपते?

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. तुमच्या हातावर, दंडावर कुठे तीळ असेल तर तो जरा बघा. आणि असं समजा की बारीक टोकाचं पेन घेऊन तुम्हाला त्याच्याभोवती रेघ ओढायची आहे. यात काय मोठं, असं वाटेल. तीळ काळा, कातडी गव्हाळ. काळं जिथे संपतं तिथे रेघ. आता डोळे थोडे जवळ न्या. काळं नेमकं संपतं कुठे? आधी गडद तपकिरी, मग फिकट तपकिरी, मग आणखी फिकट आणि मग केव्हातरी कातडी. या फिकट पट्ट्यात रेघ कुठून न्यायची? तुम्ही एका जागेवरून न्याल, तुमच्या शेजारी बसलेले काका दुसऱ्या जागेवरून नेतील. दोघंही चूक नाहीत.

संगणकाला हीच रेघ ओढायला शिकवायची, हा आजचा विषय. गेली तीसेक वर्षं जगभर लोक यावर काम करताहेत आणि अजून तो पुरता सुटलेला नाही.

आधी, ही रेघ हवी कशाला ते बघू. आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. या पेशींचा कर्करोग म्हणजे मेलानोमा. लवकर सापडला तर तेवढा भाग कापून काढला की बहुतेक वेळा काम भागतं. उशीर झाला तर तो शरीरात पसरतो आणि मग प्रकरण फार अवघड होतं. म्हणून सगळा भर लवकर ओळखण्यावर. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या फ्रीडमन, रिगेल आणि कॉफ या डॉक्टरांनी १९८५ मध्ये लक्षात ठेवायला सोपा असा एक नियम दिला, ‘एबीसीडी’ नावाचा. ए म्हणजे दोन बाजू सारख्या नसणं. बी म्हणजे कड वेडीवाकडी असणं. सी म्हणजे एकाच तिळात अनेक रंग. डी म्हणजे व्यास ६ मिलिमीटरपेक्षा जास्त, साधारण पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराएवढा. पुढे यात ई आला: तीळ बदलतोय का?

कड वेडीवाकडी का होते? साधा तीळ सगळीकडून साधारण एकाच गतीने वाढतो, म्हणून त्याचा आकार गोल-लंबगोल राहतो. मेलानोमात एका बाजूच्या पेशी भराभर वाढतात, दुसऱ्या बाजूच्या रेंगाळतात, आणि काही ठिकाणी तर शरीराची प्रतिकारशक्तीच त्या पेशींचा फडशा पाडते. त्यामुळे कडेला खाचा पडतात, आत वळलेले कोपरे तयार होतात. म्हणजे कड हा त्या वाढीचा इतिहास आहे. डॉक्टर तो वाचतात.

नुसत्या डोळ्यांनी बघताना एक अडचण येते. त्वचेच्या वरच्या थरावरून प्रकाश परावर्तित होतो, चकाकी येते आणि खालचं काही दिसत नाही. म्हणून डर्मोस्कोप नावाचं भिंग वापरतात. साधारण दहा पट मोठं दाखवणारं, आणि तेल, जेल किंवा ध्रुवीकृत प्रकाश वापरून चकाकी घालवणारं. आज मी ज्या फोटोंबद्दल बोलणार आहे ते मुख्यतः या डर्मोस्कोपमधून काढलेले फोटो.

डर्मोस्कोपसाठी १९९४ मध्ये स्टोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एबीसीडीला गुण देण्याची पद्धत आणली. तिळाचे पुरणपोळीसारखे आठ भाग करायचे आणि किती भागांत कड अचानक तुटल्यासारखी आहे ते मोजायचं. प्रत्येक भागाला ०.१ गुण. म्हणजे कडेला जास्तीत जास्त ०.८. चारही गोष्टी मिळून कमाल बेरीज होते ८.९, आणि बेरीज ५.४५ च्या वर गेली की मेलानोमाचा दाट संशय.

आता तुम्ही म्हणाल, ८.९ पैकी कडेला फक्त ०.८? मग एवढा आटापिटा कशाला? पण बाकीचे गुण कसे मिळतात ते बघा. दोन बाजू सारख्या आहेत का हे ठरवायला आधी तिळाचा आकार माहीत हवा, म्हणजे कड हवी. आत किती रंग आहेत हे मोजायला ‘आत’ म्हणजे काय ते ठरवायला हवं. पुन्हा कड. कडेला स्वतःचे गुण थोडे आहेत, पण ती चुकली की बाकी सगळ्यांचे गुण चुकतात.

बरं, आता संगणकाकडे. संगणकाला फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. समजण्यासाठी कृष्णधवल फोटो घेऊ. प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. सगळ्यात सोपी कल्पना अशी की एक आकडा ठरवायचा, त्याच्या खालचं ते तीळ आणि वरचं ती कातडी. पण तो आकडा कोणता?

याचं एक सुरेख उत्तर नोबुयुकी ओत्सू या जपानी शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये दिलं. असं समजा, शाळेच्या मैदानावर पहिलीची आणि दहावीची मुलं मिसळून उभी आहेत आणि तुम्हाला फक्त त्यांच्या उंचीचे आकडे दिलेत. कोण पहिलीतलं ते कसं ओळखाल? उंचीची एक रेषा अशी निवडायची की तिच्या खालची मुलं आपापसांत जास्तीत जास्त सारखी असतील आणि वरची मुलंही आपापसांत सारखी असतील. ओत्सूंची पद्धत नेमकं हेच करते. जेमतेम २५६ शक्यता, प्रत्येक तपासायची आणि सगळ्यात चांगली ठेवायची. साधा संगणकही हे क्षणात करतो. गोऱ्या कातडीवर गडद तीळ असेल तर निकाल फार छान येतो. रंगीत फोटोतला फक्त निळा भाग घेतला तर आणखी छान, कारण मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे तिथे तीळ अधिक काळा दिसतो.

पण आता मैदानावर चौथीची आणि पाचवीची मुलं उभी करा. उंचीचे आकडे एकमेकांत मिसळतात. रेषा तर निघते, पण तिला काही अर्थ राहत नाही. आणि गंमत अशी, की पद्धत तुम्हाला सांगत नाही की अर्थ राहिला नाही. ती आपला एक आकडा देऊन मोकळी होते. हे चौथी-पाचवीचं उदाहरण लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

शिवाय खऱ्या फोटोत नुसता तीळ आणि कातडी नसते. केस असतात. तिळाएवढेच काळे, आणि तिळावरून आरपार गेलेले. व्हँकुव्हरच्या एका गटाने १९९७ मध्ये ‘डलरेझर’ नावाचा प्रोग्रॅम काढला. नाव मोठं मजेशीर, बोथट वस्तरा. तो फोटोतले काळे केस शोधतो आणि आजूबाजूच्या कातडीचा रंग तिथे भरतो. केसांशिवाय तेलाचे बुडबुडे असतात, मोजपट्टीच्या खुणा असतात, डॉक्टरांनी पेनाने केलेल्या खुणा असतात. आणि डर्मोस्कोपची काच गोल, फोटो चौकोनी, त्यामुळे चार कोपरे काळेकुट्ट येतात. ओत्सू पद्धतीला तुम्ही असा फोटो दिलात तर ती प्रामाणिकपणे सांगते: सगळ्यात मोठे तीळ चार कोपऱ्यांत आहेत. (हशा)

मग लोकांनी दुसरा रस्ता धरला. १९८८ मध्ये कॅस, विट्किन आणि टर्झोपुलोस यांनी ‘स्नेक’, म्हणजे साप, नावाची पद्धत मांडली. तिळाभोवती केसाला लावायचं रबर सैलसर टाकलंय असं समजा. ते हळूहळू आक्रसतं. त्याच्या दोन इच्छा असतात: आपण गुळगुळीत राहावं, आणि जिथे रंग झपकन बदलतो तिथे थांबावं. या दोन इच्छांच्या ओढाताणीत ते एका जागी स्थिरावतं, ती कड. केस, बुडबुडे अशा किरकोळ गोष्टींना हे रबर सहसा फसत नाही, कारण गुळगुळीत राहायची ओढ त्याला पुढे नेते.

पण इथे एक पेच आहे, आणि माझ्या मते हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे. गुळगुळीतपणाची ओढ जास्त ठेवली तर रबर खाचांमध्ये शिरत नाही, वरून जातं. आणि खाचा हेच तर आपल्याला बघायचं होतं! ओढ कमी ठेवली तर ते प्रत्येक केसाभोवती वळसे घालत बसतं आणि साध्या तिळाची कडही वेडीवाकडी दिसते. म्हणजे मेलानोमाला साधा तीळ ठरवायचा की साध्या तिळाला मेलानोमा, याचा निर्णय तुम्ही एक बटण फिरवून आधीच घेतलेला असतो. भरीला आणखी एक गोष्ट. साध्या तिळाची कड बहुधा हळूहळू विरत जाते आणि रबराला तर रंग झपकन बदललेला हवा असतो. जे निरोगी, तेच संगणकाला जड.

कडेचा वेडेवाकडेपणा मोजायचा कसा, हेही दिसतं तितकं सरळ नाही. नेहमीचं सूत्र असं: परिघाचा वर्ग भागिले ४ पाय गुणिले क्षेत्रफळ. वर्तुळाला उत्तर १ येतं, चौरसाला १.२७, आणि आकार जितका वेडावाकडा तितकं जास्त. आता १०० पिक्सेल व्यासाचं एक अगदी नीट वर्तुळ घ्या. परीघ हवा ३१४. पण पिक्सेल चौकोनी असतात, कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. पायऱ्यांच्या बाजू मोजत गेलात तर परीघ भरतो ४००, आणि सूत्राचं उत्तर येतं १.६२. चौरसापेक्षाही वाकडं! तिळात काही दोष नाही, दोष मोजण्यात आहे.

समुद्रकिनाऱ्याची लांबी मोजताना असंच होतं. भारताचा किनारा आपण शाळेत सुमारे ७,५१६ किलोमीटर शिकलो. अलीकडे सरकारने तो बारीक प्रमाणावर पुन्हा मोजला तर ११,०९८ किलोमीटर निघाला. जमीन काही वाढली नाही. पट्टी लहान केली की प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण मोजणीत येतं. कोकणातून किनाऱ्याकिनाऱ्याने गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तेव्हा कोणी ‘या तिळाचा कडा-निर्देशांक अमुक’ असं सांगितलं, तर आधी विचारायचं की पट्टी केवढी होती.

आता आजच्या पद्धतींकडे येऊ. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून ‘यू-नेट’ नावाचं न्यूरल नेटवर्क आलं. मुळात ते सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी वेगळ्या करायला बनवलं होतं. कल्पना अशी की फोटो आधी लहान-लहान करत न्यायचा, म्हणजे लांबून बघितल्यासारखं ‘इथे तीळ आहे’ हे कळतं. मग पुन्हा मोठा करत आणायचा, आणि येताना सुरुवातीचे बारीक तपशील थेट जोडून घ्यायचे, म्हणजे कड नेमकी कुठे तेही कळतं. यात नियम कुणी लिहून देत नाही. हजारो फोटो आणि त्यावर तज्ज्ञांनी ठरवलेल्या कडा दाखवायच्या, नेटवर्क आपलं आपण शिकतं. केस काय, कोपरे काय, ते बहुतेक सांभाळून घेतं.

असे फोटो गोळा करण्याचं मोठं काम ‘आयसिक’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने केलं. २०१६ पासून त्यांनी स्पर्धा घेतल्या. पहिल्या वर्षी शिकवायला ९०० फोटो आणि परीक्षेला ३७९. २०१८ पर्यंत शिकवायचे फोटो २,५९४ झाले.

स्पर्धा म्हटली की गुण आले. ते असे देतात: संगणकाचा तीळ आणि तज्ज्ञाचा तीळ एकमेकांवर ठेवायचे, आणि दोघांचा सामाईक भाग भागिले दोघांनी मिळून व्यापलेला भाग. याला जॅकार्ड निर्देशांक म्हणतात. तंतोतंत जुळलं तर १, अजिबात नाही तर ०. समजा तज्ज्ञाने ११० पिक्सेल व्यासाचं वर्तुळ काढलं आणि संगणकाने त्याच्या आत १०० चं, म्हणजे सगळीकडून फक्त ५ पिक्सेलचा फरक. निर्देशांक येतो ०.८३. उत्तम. आता तोच ५ पिक्सेलचा फरक लहान तिळावर बघा. तज्ज्ञाचं ५०, संगणकाचं ४०. निर्देशांक ०.६४. आणि २०१८ च्या स्पर्धेचा नियम होता की ०.६५ च्या खाली गेलात तर सरळ शून्य! चूक तेवढीच, पण मोठ्या तिळाला शाबासकी आणि लहानाला भोपळा.

उलटही होतं. तज्ज्ञाच्या कडेला दोन खोल पण अरुंद खाचा आहेत आणि संगणकाने त्या बुजवून टाकल्या. क्षेत्रफळ किती बदललं? नगण्य. गुण ०.९५ च्या पुढे. पण डॉक्टरांच्या दृष्टीने जे बघायचं तेच गेलं. मला स्वतःला ही मोजपट्टी एकट्याने वापरणं पटत नाही. कडेच्या कामाला क्षेत्रफळाचे गुण देणं म्हणजे अक्षर किती सुंदर हे शाई किती लागली यावरून ठरवण्यासारखं आहे.

आणि ज्या ‘बरोबर’ उत्तराशी तुलना करतो ते तरी कुठून आलं? आयसिकच्या कडा तीन तऱ्हांनी तयार झाल्या. काही तज्ज्ञांनी हाताने एकेक बिंदू टाकून काढल्या. काहींत संगणकाने रंग पसरवत नेला आणि तज्ज्ञाने तो कुठे थांबवायचा ते ठरवलं. काही पूर्णपणे संगणकाने काढल्या, तज्ज्ञाने बघून होकार दिला. हाताने काढलेली कड गुळगुळीत असते, रंग पसरवून काढलेली दातेरी. त्याच तिळाची. नेटवर्क तीळ शिकतंय की अवजाराची लकब शिकतंय, हा प्रश्न उरतोच.

इथे कोणी म्हणेल, मग कड सोडूनच द्या. खरंच तसं झालं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘नेचर’मध्ये जो गाजलेला निबंध छापला, त्यात सुमारे १ लाख २९ हजार फोटो घेऊन नेटवर्कला थेट निदान शिकवलं होतं. आधी कड काढा वगैरे काही नाही. निकाल त्वचारोगतज्ज्ञांच्या तोडीचा आला. अनेकांना वाटलं, कडेचं पर्व संपलं.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या दोन वर्षांतच दिसलं. २०१९ मध्ये हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट तपासली. शस्त्रक्रियेआधी तिळाजवळ जांभळ्या शाईने खुणा करतात. त्याच साध्या तिळांचे खुणांसकट आणि खुणांशिवाय फोटो नेटवर्कला दिले. शाई दिसली की मेलानोमाचा संशय वाढला! कारण उघड आहे, डॉक्टर खूण करतात ती संशय आल्यावरच. त्याच वर्षी ब्राझीलच्या एका गटाने फोटोतला तीळच झाकून टाकला, तरी नेटवर्क नशिबावर सोडल्यापेक्षा बरंच चांगलं ‘निदान’ करत होतं. तिळाकडे न बघता! कड काढली असती, बाहेरचं सगळं पुसून फक्त आतलं दिलं असतं, तर निदान ही पळवाट तरी बंद झाली असती. म्हणून मी म्हणतो की कड ही एक शिस्त आहे. निर्णय कशाच्या आधारे घेतला ते ती दाखवायला लावते.

आता चौथी-पाचवीच्या मुलांकडे परत या. हे बहुतेक फोटो युरोप, ऑस्ट्रेलिया, अमेरिका इथल्या गोऱ्या लोकांचे. साहजिक आहे, मेलानोमा तिथेच जास्त. पण आपल्या सावळ्या कातडीत मुळातच मेलॅनिन भरपूर. तीळ आणि कातडी यांच्या आकड्यांतलं अंतर कमी होतं. शिकलेलं नेटवर्क ओत्सूपेक्षा हुशार असतं, पण त्याने अशी कातडी पाहिलेलीच नसेल तर हुशारी काय कामाची? स्टॅनफर्डच्याच दुसऱ्या एका गटाने २०२२ मध्ये गोऱ्या आणि गडद, दोन्ही त्वचेचे ६५६ फोटो जमवून आधीची नेटवर्कं तपासली. ती निदानाची परीक्षा होती, कडेची नव्हे, पण गडद त्वचेवर कामगिरी घसरली.

शिवाय आपल्याकडे मेलानोमा कमी असला तरी तो होतो कुठे? बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथल्या कातडीवर बोटांच्या ठशांसारखे उंचवटे आणि चर असतात. जपानी डॉक्टरांनी दाखवून दिलं की साध्या तिळात रंग चरांमध्ये असतो आणि मेलानोमात उंचवट्यांवर. तिथे कड कुठे आहे यापेक्षा रेघा कशा आहेत हे महत्त्वाचं.

मग आपल्याकडे कडेचा उपयोग नाही का? आहे, पण वेगळ्या ठिकाणी. पांढऱ्या कोडाचा डाग उपचाराने आटतोय की पसरतोय, मधुमेहाच्या रुग्णाची पायाची जखम महिन्यात किती भरली, हे आज बहुतेक अंदाजाने ठरतं. तिथे दर वेळी एकाच पद्धतीने काढलेली कड फार कामाची आहे. कुष्ठरोगातही चट्ट्याची कड बोलते: शरीराचा प्रतिकार चांगला असेल तर चट्टा ठसठशीत कडेचा असतो, प्रतिकार कमी असेल तर कड पुसट. अर्थात चट्ट्यावर स्पर्श कळतो की नाही हे बघावंच लागतं, आणि ते फोटोतून कळत नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, मोबाईलवर तीळ तपासायची अ‍ॅप मिळतात. वापरायची का?

आठवण म्हणून फोटो काढायला जरूर वापरा. दर तीन महिन्यांनी, त्याच उजेडात, शेजारी पट्टी ठेवून. तीळ बदलला का हे बघायला त्यासारखं दुसरं काही नाही. निदानासाठी मात्र नको. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा दोन अ‍ॅपच्या विक्रेत्यांवर कारवाई केली, कारण त्यांच्या दाव्यांना पुरावा नव्हता. आणि अ‍ॅपने ‘काळजी नको’ म्हटलं म्हणून माणूस सहा महिने डॉक्टरकडे गेलाच नाही, ही चूक भरून निघत नाही.

प्रश्न: संगणकाने काढलेल्या कडेवरूनच सर्जन कापतात का?

नाही. डोळ्यांना दिसणारी कड आणि रोगाची कड एकच असते असं नाही. सर्जन दिसणाऱ्या कडेच्या बाहेर मोकळी जागा सोडून कापतात, आणि किती सोडायची ते रोग आत किती खोल गेलाय यावर ठरतं. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर साधारण १ सेंटिमीटर, २ मिलिमीटरच्या पुढे असेल तर २ सेंटिमीटर. ही खोली फोटोत दिसत नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

प्रश्न: माझ्या तळपायाला लहानपणापासून एक तीळ आहे. घाबरायचं का?

नाही काकू, तळपायाला साधे तीळही असतात. लहानपणापासून आहे आणि बदलला नाही, ही चांगलीच गोष्ट. पण अलीकडे तो पसरतोय, रंग कुठे गडद कुठे फिका होतोय, रक्त येतंय किंवा नखाखाली नवीन काळा पट्टा दिसतोय, असं काही असेल तर चप्पल लागली असेल म्हणून सोडून देऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यांच्याकडे डर्मोस्कोप आहे का ते आधी फोन करून विचारा.